समोरून येणारे मासे

बोट सुटून तास झाला तसा किनारा दिसेनासा झाला, आणि बेट काही अजून दिसायला तयार नव्हतं. मधल्या पांढुरक्या धुरकटीत पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं हे ओळंब्यालाही सांगता आलं नसतं. वास्तविक कोणाचं कुठे संपतं आणि कोणाचं कुठे सुरू होतं हे सांगण्याचाच त्याला पगार मिळायचा. तो जमिनीची मोजणी करायचा. ओळंबा हे नाव बाबांनी त्याला लहानपणीच दिलं होतं, कारण भिंतीवरचं चित्र केसभर कललेलं दिसलं तरी पोराच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

दाभण त्याची बायको. तिचंही नाव बाबांनीच ठेवलेलं. सून म्हणून घरात आली तेव्हा उंच, किडकिडीत आणि बोलायला टोकदार होती. पहिल्या आठवड्यात सासऱ्यांनी तिला दाभण म्हणून हाक मारली, आणि दुसऱ्या आठवड्यात तिच्या हातात खरंच दाभण दिलं. तंबू, कनाती, छतं शिवण्याचा त्यांचा कारखाना होता. पोटच्या दोघांपैकी एकालाही त्या जाड कापडाची ओढ नव्हती. हिला होती. पंधरा वर्षं ती त्यांच्यासमोर मांडी घालून शिवत बसली. गेल्या वर्षी ते गेले तेव्हापासून समोरची जागा रिकामी ठेवून शिवते.

आता डेकवरच्या कापडी छताखाली ती पाय पसरून बसली होती. डोळे मिटले की बोटीचं हलणं आणि बाबांचं बोलणं एकच होऊन जात होतं. शिवताना ते यात्रा सांगायचे. दुसरं काही सांगतच नसत म्हणा. तंबू शिवणारा ख्रिस्ताचा प्रेषित या वाटेने गेला, तो आपल्याच धंद्यातला माणूस, त्याच्या बोटांनाही असेच घट्टे असणार, अशी सुरुवात व्हायची. मग किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं. पहिल्या मंडळीचं ते छोटं देऊळ, त्यात डाव्या हाताला विहीर. मग दगडात कोरलेलं बाप्तिस्म्याचं कुंड, उजव्या हाताला मोर. मग समुद्र ओलांडायचा. बेटावर उतरायचं, आणि तिथल्या पडक्या चर्चमध्ये रंगीत खड्यांची फरशी. "फरशीवर मासे," बाबा म्हणायचे, आणि टाका ओढता ओढता त्यांचा आवाज खाली यायचा. "सगळेच्या सगळे आपल्याकडे पोहत येतात. जसे काही ओळखतात आपल्याला." बाबांची दोन्ही मुलं लहानपणी या माशांवर झोपी गेली होती, आणि खरं सांगायचं तर दाभणही कितीदा तरी हातात कापड धरून त्या माशांत डुलकी काढून आली होती.

म्हणून तर निघाले होते चौघं. आई, ताई, ओळंबा आणि ती. बाबांनी सेहेचाळीस वर्षांपूर्वी ज्या क्रमाने यात्रा केली त्याच क्रमाने, आधी बसने आणि मग बोटीने, असं ताईने ठरवलं होतं. ताई म्हणजे बाबांचा शब्द खाली पडू न देणारी. इस्पितळात परिचारिका म्हणून सगळ्या वॉर्डाला धाकात ठेवणारी ही बाई, पण बाबांचा विषय निघाला की तीन वर्षांची व्हायची.

गडबड पहिल्याच दिवशी झाली. त्या छोट्या देवळात विहीर उजव्या हाताला निघाली. ताई म्हणाली, एवढ्या वर्षांत डावं-उजवं कुणाच्या लक्षात राहतं. दुसऱ्या दिवशी मोरही डावीकडे निघाला. ओळंब्याने खिशातली वही काढून काहीतरी लिहिलं, आणि ताईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. रात्रीचं जेवण दोघांनी एकमेकांकडे न बघता केलं. दाभण दोघांच्या मध्ये बसली होती, आणि मिठाची डबीसुद्धा तिच्यामार्फत फिरत होती.

आणि आज बोटीवर आईने नावाड्याला विचारलं, हा समुद्र कधी चार-चार महिने बंद असतो का. नावाडी हसला. फार तर चार दिवस, तेही हिवाळ्यात. उन्हाळ्यात तर आंघोळीच्या टबासारखा असतो.

आई कठड्याशी जाऊन पाण्याकडे बघत राहिली. बऱ्याच वेळाने ती दाभणीजवळ येऊन बसली आणि मांडीवरच्या पिशवीतून तिने बाबांची चामड्याची पट्टी काढली. जाड कापडातून सुई रेटताना तळहाताला लागू नये म्हणून ती हातावर चढवतात. बाबा डावखुरे, म्हणून ही डाव्या हाताची. आतून त्यांच्या हाताच्या घामाने काळी पडलेली.

"सहा आठवड्यांत येतो म्हणाले होते," आई म्हणाली. "पाच महिन्यांनी आले. वादळ होतं म्हणाले, समुद्र बंद होता. ही ताई तीन वर्षांची आणि मी दिवस भरत आलेली. सेहेचाळीस वर्षं मी या समुद्राला शिव्या दिल्या गं."

दाभणीला हे माहीत होतं आणि नव्हतं. घरात सगळ्यांनाच ते तसंच माहीत होतं. बाबा यात्रेला गेलेले असताना एक मुलगा झाला, दोन दिवस जगला, आणि बाबा परत आले तेव्हा दफनभूमीत घराण्याच्या जागेवर एक हातभर लांबीचा उंचवटा होता. त्याबद्दल बाबा एक अक्षर बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, नंतरही नाही.

"परत आले, पायातले बूट काढले, आणि तंबूला बसले," आई म्हणाली. "मी वाट बघत राहिले. म्हटलं, आज विचारतील, उद्या विचारतील. कसा होता, कुणासारखा होता. एकदा तरी. ओळंबा झाला तेव्हा मला म्हणाले, दुसरं मूल. मी म्हटलं, तिसरं. तर गप्प बसले. मग मीही बोलायचं सोडलं. म्हटलं, यांनी त्याला जमेत धरलंच नाही कधी."

"आई, तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं ते इथे आलेच नाहीत. कुठेतरी दुसरीकडे होते. कुणाकडे तरी होते." हे तिने अगदी सरळ आवाजात सांगितलं. "आता चर्चमध्ये बघणार. मासे माझ्याकडे येत असले तर ही पट्टी तिथे ठेवून येईन. नसले तर पाण्यात टाकेन. आणि दफनभूमीत त्यांच्या शेजारची जागा मला नको म्हटलंय, ते मग नकोच."

पट्टी पुन्हा पिशवीत गेली. समोर धुरकटीतून बेट हळूहळू वर येत होतं, आधी नुसता एक राखी डाग आणि मग त्याच्यावर चार खांब.

चर्चला जायला धक्क्यापासून दगडी पायवाट होती. भिंती कमरेएवढ्याच उरलेल्या. उभे होते ते चार खांब आणि त्यांना ताणून बांधलेलं एक मोठं कापडी छत. त्याखालचा उजेड ताकासारखा पांढरा होता. तिथे शिरल्यावर सगळ्यांची पावलं आपोआप हळू झाली. चाव्यांचा जुडगा कमरेला लावलेली एक पन्नाशीची बाई हातात बादली घेऊन उभी होती. फरशीवर नुसती धूळ दिसत होती, मातकट, कशाचाच आकार नसलेली.

"थांबा," ती म्हणाली. "कोरडी असली की झोपलेली असते."

तिने दारापासून पाणी शिंपडायला सुरुवात केली. पाणी पडेल तिथे खडे जागे होत गेले. आधी निळा रंग आला, मग हिरवा, मग गेरूचा. निळ्यातून एक शेपटी वर आली, मग दुसरी, मग वीस-पंचवीस. ताईने तोंडावर हात धरला. लहानपणी शंभरदा ऐकलेली गोष्ट पायाशी ओली होऊन उमटत होती, आणि क्षणभर कुणालाच काही मोजायचं सुचलं नाही.

मग आई म्हणाली, "शेपट्या आहेत."

खरंच होतं. दारात उभं राहिलं की सगळ्या माशांच्या शेपट्याच दिसत होत्या. पंचवीसच्या पंचवीस मासे पाठ फिरवून आत, वेदीकडे निघाले होते. एकही कुणाकडे येत नव्हता.

ओळंब्याने या वेळी वही काढली नाही. पण गप्पही बसवलं नाही त्याला. "ताई, तिसऱ्यांदा," तो म्हणाला. "एखादी गोष्ट चुकते. तिन्ही उलट्या नाही चुकत. कुणाकडून तरी ऐकलेलं सांगत होते ते."

"बाबा खोटं बोलायचे, असं म्हण ना सरळ."

"मी म्हणत नाही. फरशी म्हणतेय."

ताई त्याच्यावर उसळणार, तेवढ्यात तिला आई दिसली. आई केव्हाच वळून पायवाटेला लागली होती, पिशवी छातीशी धरून, धक्क्याच्या दिशेने. तिला वाद घालायचा नव्हता. तिने जे बघायचं ते बघितलं होतं. ताई तिच्यामागे गेली.

दाभणीला त्यांच्यामागे जायचं होतं, पण ती वर बघत राहिली. धंद्यातल्या माणसाची ही खोडच. लोक फरशी बघतात, ती छत बघते. कापड नवं होतं, फार तर चार-पाच वर्षांचं, पण बांधायची पद्धत जुनी होती. दोऱ्यांच्या गाठी आतल्या टोकापासून, वेदीकडून सुरू झाल्या होत्या. बरोबरच होतं. वारा दारातून येतो. वारा येतो त्या बाजूने छत धरायला गेलं तर ते शिडासारखं फुगून हातातून सुटतं, म्हणून आतून सुरू करायचं आणि वाऱ्याकडे तोंड करून पुढे यायचं. बाबांनी तिला शिकवलेला पहिला नियम.

वाऱ्याकडे तोंड करून, म्हणजे दाराकडे तोंड करून.

फरशीच्या कडेने लाकडी फळ्या टाकलेल्या होत्या. त्यांवरून ती वेदीपर्यंत चालत गेली आणि वळली. मासे तिच्याकडे येत होते. पंचवीसच्या पंचवीस, तोंडं वर करून, ओल्या निळ्यातून सरळ तिच्या पायांकडे.  यात्रेकरू दारातून येतो आणि दारातून परत जातो. त्याला हे असं दिसलं तरी क्षणभरच. विहीर डावीकडे, मोर उजवीकडे, मासे समोरून, हे रोज दिसतं ते आतल्या टोकाला शिडीवर उभं राहून काम करणाऱ्याला.

"पहिलं छत कुणी घातलं?" तिने चाव्यांवाल्या बाईला विचारलं.

बाई बादली खाली ठेवून आठवू लागली. तेव्हा ती चार वर्षांची होती, चाव्या तिच्या आईकडे असायच्या. फरशी मातीतून नुकतीच वर काढली होती, आणि उन्हाने, खाऱ्या वाऱ्याने खडे सुटायला लागले होते. उकरणारे लोक डोक्याला हात लावून बसलेले. तशात यात्रेकरूंची एक तुकडी आली. त्यातला एक माणूस म्हणाला, मी शिवतो. किनाऱ्यावरच्या दोन जागी त्याने आधी शिवलं, मग इथे. वाटेत जमलेली ती माणसं आपापल्या गावी गेली, हा राहिला. उन्हाळा पुरा संपेपर्यंत.

"डाव्या हाताने शिवायचा," बाई म्हणाली. "मी समोर बसून तसंच करायला बघायचे, तर आई ओरडायची."

किनाऱ्यावर आता पक्की छपरं झाली होती. इथलं कापडही तीनदा बदललं. पण पहिलं छत फाटलं तेव्हा त्यातला चांगला तुकडा आईने जपून ठेवला होता. चाव्यांच्या खोलीला त्याचा पडदा आहे, बघायचा तर बघा.

"पळ," दाभण नवऱ्याला म्हणाली. "आईंना थांबव. पट्टी टाकू देऊ नकोस."

ओळंबा आयुष्यात कधी पळाला नव्हता. पण आज पळाला, दोन्ही हात फाकवून, आणि ताई नंतर पुष्कळ दिवस त्या पळण्याची नक्कल करून दाखवत असे.

पट्टी अजून आईच्या हातातच होती. धक्क्याच्या शेवटच्या पायरीवर ती बसली होती आणि टाकवत नव्हती. तिला दोन्ही बाजूंनी धरून त्यांनी खोलीपर्यंत आणलं. दाभणीने एका दमात सगळं सांगितलं, शिडी, वारा, मासे, उन्हाळा.

 आणि मग जे झालं ते दाभणीच्या स्वप्नातही आलं नसतं. बाबांचा शब्द खाली पडू न देणारी ताई भडकली.

"म्हणजे वादळ नव्हतं," ती म्हणाली. "यायचं असतं तर येता आलं असतं. आई तिकडे एकटी, नऊ महिन्यांची गरोदर, आणि हे कापडासाठी थांबले? फरशीसाठी?"

"ताई, ती फरशी राहिली नसती," ओळंबा म्हणाला. हा तोच, अर्ध्या तासापूर्वी बाबांवर संशय घेणारा. "सगळे खडे सुटले असते. त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाला येत नव्हतं ते काम."

"आईशिवाय दुसऱ्या कुणाला मूल होणार नव्हतं."

  दाभणीला बाबा डोळ्यांसमोर दिसत होते, वयाने तिशीही न गाठलेले, शिडीवर, ओल्या माशांकडे बघत आणखी एकच पट्टा, आणखी एकच, असं म्हणणारे. तिला ते समजत होतं, आणि आपल्याला ते समजतंय याची तिला लाज वाटत होती. किती संध्याकाळी तिनेही घरचा फोन वाजू दिला होता, एवढी शिवण संपू दे म्हणून. घरी येऊन बाबा काय सांगणार होते? तुझं मूल गेलं तेव्हा मी एका सुंदर जागी माझ्या आवडीचं काम करत होतो? त्यांनी वादळ सांगितलं. आणि काम झाकलं की तिथले दिवस झाकावे लागले, दिवस झाकले की ते बाळही झाकावं लागलं. मग उरली ती फक्त यात्रा, म्हणून ते तीच जन्मभर सांगत राहिले.

आई पडद्याजवळ गेली. कापड पिवळं पडलं होतं, पण शिवण सरळ होती. तिने त्यावरून बोट फिरवलं. "त्यांचीच आहे," ती म्हणाली. "बाई नव्हती तर कुणी. कापड होतं." आवाजात राग नव्हता, आनंदही नव्हता. बरीच वर्षं उचललेलं ओझं खाली ठेवल्यावर हात काही वेळ तसेच वाकडे राहतात, तसं काहीतरी होतं.

"आई, दुमड उघडू का?" दाभणीने विचारलं.

घरात पणजोबांपासून एक रीत होती. परगावी मोठं काम घेतलं की शिवणाऱ्याने कापडाच्या कडेच्या दुमडीत, बाहेरून दिसणार नाही असे, लाल दोऱ्याचे टाके घालायचे. घरी वाट बघणाऱ्या प्रत्येकाचा एक. मोठ्या माणसाचा पुरा, लहान मुलाचा अर्धा. आपल्यामागे कोण आहे ते हाताला आठवण राहावी म्हणून. ते टाके उसवून बघायचे नसतात. दाभणीने आजवर कधी बघितले नव्हते.

आईने मान हलवली. चाव्यांवाल्या बाईनेही हलवली. दाभणीने पर्समधून सुई काढली. सुई तिच्याकडे कायम असते, पाकीट एक वेळ विसरेल. एकेक करत तिने कडेचे टाके उसवले, कोपऱ्यापासून चार बोटं, पाच बोटं. दुमड उलगडली. आत ऊन कधी लागलंच नव्हतं, त्यामुळे कापड तिथे अजून पांढरं होतं. आणि लाल रंग तर काल घातल्यासारखा.

एक पुरा टाका. त्याच्या शेजारी अर्धा.

"हा माझा," ताई म्हणाली, आणि रागातच रडायला लागली.

अर्ध्याच्या शेजारी आणखी एक होता. तो अर्ध्याच्याही अर्धा, तांदळाच्या दाण्याएवढा. इतक्या जाड कापडात इतका लहान टाका घालणं किती अवघड असतं हे त्या खोलीत फक्त दाभणीला ठाऊक होतं. सुई आत जाते आणि परत यायला जागाच नसते. चारदा उसवावं लागलं असणार. कापडाला तशी बारीक भोकंही पडलेली होती.

आईने चष्मा वर केला आणि कापड डोळ्यांपाशी नेलं.  बाई आता बाहेर जाऊन पुन्हा पाणी शिंपडत होती, त्याचा आवाज तेवढा येत होता.

"तेव्हा तो झालाही नव्हता," आई म्हणाली.

"हो."

"तरी घेतला होता मोजून."

 ओळंब्याने आईच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. धक्क्यावरून बोटीचा भोंगा वाजला, निघायला अर्धा तास उरला म्हणून. दाभणीने विचारलं, दुमड परत बंद करू ना. आई म्हणाली, कर, पण आधी ही पट्टी घे. पट्टी डाव्या हाताची, दाभण उजवी. तिने ती तरीही चढवली. आतली बाबांच्या हाताने कडक झालेली जागा तिच्या तळहाताला लागली.

"लाल दोरा आहे का तुझ्याकडे?"

"आहे."

"घरी असतो त्याचा टाका घालायचा ना? आज आपण सगळे इकडे आहोत. घरी ते आणि बाळ दोघंच आहेत, शेजारी शेजारी." आईने त्या तांदळाएवढ्या टाक्याजवळच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. "इथे घाल, त्याला लागून. आणि पलीकडे माझ्यापुरती जागा सोड."

दाभणीने सुईत लाल दोरा ओवला. डाव्या हाताने पहिलाच टाका वाकडा गेला. ओळंब्याला तो दिसला, पण त्याने तोंड उघडलं नाही.

"पुरा घाल," आई म्हणाली. "ते काही लहान नव्हते."